पाऊस कोणाच्या वाट्याचा?



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा मुंबईत पावसाने बस्तान बसवलेले असेल. लालबाग-परळच्या चाळींच्या गॅलऱ्यांत न वाळलेले कपडे दाटीवाटीने लटकत असतील. दादरच्या फुलबाजारात चिखल आणि झेंडूच्या पाकळ्या एकजीव झाल्या असतील. गिरगाव चौपाटीवर भरतीच्या लाटा पाहायला माणसे छत्र्या सावरत उभी असतील. हिंदमातापाशी तळमजल्यावर राहणारा माणूस मात्र लाटा पाहायला जात नाही. तो वर्तमानपत्रात भरतीची वेळ पाहतो आणि खालच्या खणातले सामान वरच्या फळीवर ठेवतो.

पवित्र कुरआन पावसाला अल्लाहची कृपा म्हणतो. सूरह अल्-आराफमध्ये (७:५७) वाऱ्यांचे वर्णन या कृपेच्या पुढे शुभवार्ता घेऊन येणारे असे केले आहे. ते जड मेघ उचलतात आणि निर्जीव भूमीकडे हाकले जातात. मग ही कृपा एके ठिकाणी घर का बुडवते आणि दुसऱ्या ठिकाणी वर्षानुवर्षे का फिरकत नाही? हा प्रश्न पूर्णपणे सोडवण्याचा माझा दावा नाही. उलट, मी तो एकदा फार घाईने सोडवला होता. त्या घाईची कबुली देणे, हा या लेखाचा पहिला हेतू आहे.

एक बयान आणि एक प्रश्न

परळ आणि लालबाग यांच्या दरम्यान एका लहानशा मस्जिदीत मी इमामत करतो. इमामतीच्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. जुलै महिन्यातला जुमा होता. सकाळपासून कोसळत होते आणि नमाजी पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून येत होते. खुतब्यापूर्वीच्या बयानात मी सूरह अर्-रूममधील ती सुप्रसिद्ध आयत (३०:४१) घेतली, जिच्यात जमिनीवर आणि समुद्रात माजलेल्या बिघाडाचे कारण माणसांच्या हातांची कमाई असे सांगितले आहे. मग आवाज चढवून मी म्हणालो की, २६ जुलै २००५ चा पूर हा या शहराच्या पापांवर झालेला प्रकोप होता. बयान प्रभावी झाले असे मला वाटले. तरुण होतो, माना हलताना दिसल्या की खरे बोललो असे वाटण्याचे ते वय होते.

नमाजीनंतर एक वृद्ध गृहस्थ थांबले. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचे. उभे आयुष्य गिरणीच्या साचेखात्यात गेले, संपात नोकरी गेली, पुढे हातगाडी ओढली. मस्जिदीत सगळे त्यांना चाचा म्हणत. ते म्हणाले, "मौलाना, एक इचारू का? रागावू नका."

"विचारा, चाचा."

"आमच्या माणात पाऊस पडत न्हाई, तवा लोक म्हणत्यात पापं वाढली. हितं परळात पडतो, तवा तुमी म्हणता पापं वाढली. मग पुण्यवान माणसं राहत्यात तरी कुठं?"

मला हसू आले. चाचा हसले नाहीत. थोडा वेळ थांबून म्हणाले, "माझा धाकटा भाऊ त्या सव्वीस जुलैला कुर्ल्यात गेला. दुसऱ्यांची पोरं पाण्यातनं काढत हुता. त्यो कुठल्या पापानं गेला, तेवढं सांगा."

मदरशात इतकी वर्षे काढली होती, पण त्या क्षणी माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी मान खाली घातली. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. त्या रात्री दोन कामे करायची असे मी ठरवले. एक म्हणजे हा पाऊस येतो कसा आणि वाटला जातो कसा, ते समजून घेणे. दुसरे म्हणजे हदीसचे जे ग्रंथ मी गुरुजनांसमोर वाचून संपवले होते, ते या एका प्रश्नासाठी पुन्हा उघडणे.

वारा, वाळवंट आणि डोंगर

'मान्सून' हा शब्द अरबी 'मौसिम'पासून आला. मराठीतला 'मोसम' त्याचाच सख्खा भाऊ. मौसिम म्हणजे ठरलेली वेळ. हजच्या दिवसांनाही अरबीत मौसिमच म्हणतात. अरब खलाशी या वाऱ्यांच्या वेळा ओळखून कोकणच्या बंदरांत येत. दहाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार अल्-मसऊदी चौलला आला, तेव्हा तेथे मुस्लिमांची मोठी वस्ती होती. या किनाऱ्यावर अजान पोहोचली, ती याच वाऱ्यांच्या सोबतीने.

वैशाखात थरचे वाळवंट आणि सिंध-राजस्थानचा प्रदेश भट्टीसारखा तापतो. तेथली हवा हलकी होऊन वर जाते आणि हवेचा दाब उतरतो. पावसाची कारणे अनेक आहेत, पण त्यांतले हे एक मोठे कारण. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून निघालेले वारे सोमालियाच्या किनाऱ्याजवळून वळतात, अरबी समुद्राची वाफ उचलतात आणि त्या तापलेल्या भूमीच्या दिशेने निघतात. केरळात ते साधारणतः १ जूनला पोहोचतात, मुंबईत ११ जूनच्या सुमारास. पुढे सह्याद्री आडवा उभा असतो. वारा डोंगर चढतो, थंड होतो आणि आपले ओझे उतरवतो.

ओझे कोठे किती उतरते ते पाहा. कुलाब्याला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक. घाटमाथ्यावर महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या आसपास. तेथून पाचगणी वीस किलोमीटरही दूर नाही, पण तेथे पाऊस महाबळेश्वरच्या एक तृतीयांशावर येतो. आणखी पूर्वेला, त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. एकच जिल्हा, एकच वारा; मध्ये फक्त डोंगर. आणि ज्या वाळवंटाच्या तापण्याने वाऱ्याला बोलावणे गेले, त्या जैसलमेरच्या वाट्याला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आसपास.

हे वाचताना मी बराच वेळ थांबलो. परळच्या पत्र्यावर जो पाऊस वाजतो, त्यात वाळवंटाच्या होरपळण्याचा हिस्सा आहे. तहान एकाची असते आणि घागर दुसऱ्याची भरते. माणमधील माणूस पापी म्हणून त्याचे ढग अडले, असे म्हणायचे, तर सह्याद्रीने कोणाची बाजू घेतली असे म्हणायचे?

आता तो २००५ चा दिवस घ्या. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पाऊणशे मिलिमीटरही पडला नाही. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे. पाऊस हे पाप मोजण्याचे माप असेल, तर त्या दिवशी कुलाबा निष्पाप होता आणि कुर्ला-कालिना पापी होते, असे ठरते. हे वाक्य उच्चारताना ज्याला लाज वाटणार नाही, त्याने ते मिंबरावरून खुशाल म्हणावे. मी ते वेगळ्या शब्दांत म्हटले होते.

प्रकोप कोणी ठरवावा?

कुरआनात पाण्याने नष्ट झालेल्या समाजांच्या कथा आहेत, हे कोणी नाकारू शकत नाही. हजरत नूह (अलै.) यांचा समाज बुडाला. सबाच्या लोकांचे धरण फुटले. परंतु त्या कथांमध्ये एक गोष्ट समान आहे. तेथे प्रेषित आले, सत्य समजावले गेले, इशारा दिला गेला. आणि तो प्रकोप होता हे आपल्याला वहयद्वारे कळले, कोणाच्या अंदाजाने कळले नाही. सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:१५) अल्लाहने स्पष्ट केले आहे की, प्रेषित पाठविल्याशिवाय तो प्रकोप धाडत नाही. प्रेषितांची मालिका मुहम्मद (स.) यांच्यावर पूर्ण झाली. कुर्ल्याच्या पुराविषयी माझ्यावर कोणतीही वहय उतरलेली नव्हती. मी अल्लाहच्या नावाने असे विधान केले, ज्याचे ज्ञान मला नव्हते. विद्यार्थ्याला हे पाप पहिल्याच वर्षी शिकवले जाते.

आणि मग ती हदीस समोर आली. ती मी अनेकदा वाचली होती, वर्गात तिचा अनुवाद केला होता, परीक्षेत तिच्यावर लिहिले होते. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची ही रिवायत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषित (स.) यांनी शहीदांचे प्रकार सांगताना पाण्यात बुडून मरणाऱ्याला आणि कोसळलेल्या वास्तूखाली चिरडून मरणाऱ्याला शहीदांमध्ये मोजले आहे. पाणी आणि ढासळणारी भिंत. मुंबईच्या पावसाळ्यात मृत्यू नेमका याच दोन वाटांनी येतो. २९ ऑगस्ट २०१७ रोजी शहर पाण्याखाली गेले आणि दोनच दिवसांनी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. माळीण आठवा. ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगर खचला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. ज्या मृत्यूवर प्रेषितांनी (स.) शहादतची आशा दिली, त्यावर मी शिक्षेचा शिक्का मारला होता. चाचांच्या भावाला मी मरणानंतर पुन्हा एकदा बुडवले होते.

मग त्या आयतीचे काय? ती खोटी कशी असेल? मी ती पुन्हा वाचली. तिच्यात 'माणसांच्या हातांची कमाई' म्हटले आहे. जो बुडाला त्याच्याच हातांची कमाई, असे म्हटलेले नाही. ही जोड माझ्या घाईची होती.

हे हात शोधायचेच असतील, तर ते दूर नाहीत. ही मुंबई सात बेटांची होती. बेटांमधल्या खाड्या आणि पाणथळ जागा आपण पिढ्यानपिढ्या बुजवल्या. वरळीकडून आत शिरणारे भरतीचे पाणी अडवायला अठराव्या शतकात बांध घातला, आणि मागच्या सखल जमिनीवर पुढे गिरण्या, चाळी आणि रस्ते उभे राहिले. इंग्रजांच्या काळातली गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. १९८५ च्या पुरानंतर त्यांच्या क्षमतावाढीचा विचार सुरू झाला, १९९३ मध्ये आराखडा तयार झाला, आणि त्यातले बरेचसे काम २००५ पर्यंत कागदावरच राहिले. मिठी नदीच्या काठांवर भराव पडला, खारफुटी तुटली. नाल्यांत आपण काय टाकतो, ते समुद्र दर पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवर आणून परत देतो. हीच ती हातांची कमाई. पण ज्यांच्या हातांनी ती झाली ते बहुधा उंचावर राहतात, आणि पाणी सखल भागात भरते. म्हणूनच ही आयत बुडणाऱ्याला दोषी ठरवण्यासाठी वाचू नये. ती उभ्या असलेल्यांना परत फिरायला सांगते. आयतीचा शेवटही परत फिरण्याच्या आशेवरच होतो.

कोणी विचारील, अशाने माणसांच्या मनातले ईशभय कमी होणार नाही का? माझे उत्तर असे आहे. हजरत आयशा (रजि.) सांगतात की, आकाशात काळे ढग किंवा सोसाट्याचा वारा दिसला की प्रेषितांच्या (स.) चेहऱ्यावर चिंता उमटे. लोक ढग पाहून आनंदतात आणि आपण अस्वस्थ का होता, असे त्यांनी विचारले, तेव्हा आदच्या लोकांनीही ढग पाहून तो पाऊस समजला होता, याची त्यांनी आठवण दिली. म्हणजे भय होतेच. पण ते भय कोणाविषयी होते? दुसऱ्या कोणाच्या पापांचा हिशेब करणारे ते भय नव्हते; ते स्वतः आपल्या रबसमोर उभे असल्याचे भय होते. आपण याच्या उलट करतो. स्वतःविषयी आशा बाळगतो आणि भय शेजाऱ्याला वाटतो.

त्या जुम्याची प्रार्थना

आता मी त्या हदीसकडे येतो, जिने माझ्या प्रश्नाची दिशाच बदलली. हजरत अनस (रजि.) सांगतात, मदीनेत दुष्काळ पडला होता. जुम्याच्या दिवशी प्रेषित (स.) खुतबा देत असताना एक माणूस आत आला आणि म्हणाला की, जनावरे मेली, वाटा बंद पडल्या, आमच्यासाठी प्रार्थना करा. प्रेषितांनी (स.) तेथेच हात उचलले. आकाशात ढगाचा तुकडाही नव्हता. पण पाऊस आला आणि आठवडाभर थांबला नाही. पुढच्या जुम्याला पुन्हा एक माणूस आला. त्याची तक्रार नेमकी उलट होती: मालमत्ता वाहून चालली, वाटा तुटल्या, आता हा पाऊस आवरण्यासाठी प्रार्थना करा.

विचार करा, वाचकहो. गेल्या आठवड्यात मागितलेल्या कृपेचीच आज तक्रार. येथे त्या माणसाला कृतघ्न म्हणता आले असते, पापांची यादी वाचून दाखवता आली असती. प्रेषितांनी (स.) तसे काही केले नाही. त्यांनी पुन्हा हात उचलले. आणि प्रार्थनेत त्यांनी पाऊस थांबावा असे मागितले नाही. तो आपल्या वस्तीवर न पडता भोवताली पडावा, टेकड्यांवर, डोंगरउतारांवर, दऱ्यांच्या तळाशी, झाडे उगवतात त्या जागी पडावा, असे मागितले.

पाऊस कृपाच राहिली. प्रार्थना तिच्या जागेसाठी होती. कृपेला कृपा म्हणत असतानाच, ती जेथे सोसवत नाही तेथून जेथे हवी आहे तेथे जावी, असे मागणे ही कृतघ्नता नाही, ही सुन्नत आहे. सूरह अल्-मुअमिनूनमध्ये (२३:१८) अल्लाह म्हणतो की, त्याने आकाशातून मापाने पाणी उतरवले आणि ते जमिनीत साठवून ठेवले, आणि ते काढून घेण्यासही तो समर्थ आहे. एकूण माप त्याच्या हाती आहे. जमिनीवर उतरलेल्या पाण्याची वाटणी मात्र मोठ्या प्रमाणात त्याने आपल्या हाती दिली आहे. समूदच्या लोकांची कसोटी लागली, तीही पाण्याच्या पाळीवर: एक दिवस उंटिणीचा, एक दिवस त्यांचा. त्यांना दुसऱ्याची पाळी सहन झाली नाही.

म्हणून हात उचलणे ही सुरुवात आहे, शेवट नाही. हिंदमाताचे पाणी भरतीच्या वेळी साठवून ठेवण्यासाठी दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली टाक्या बांधल्या आहेत. ओहोटी लागली की पंप लावून ते पाणी बाहेर सोडतात. तेथे रात्रपाळीला पंप सांभाळणारा कामगार कोणत्याही धर्माचा असो, त्या जुम्याच्या प्रार्थनेत जे मागितले गेले, त्यातलाच एक वाटा तो उचलत असतो. हारून रशीदच्या पत्नी जुबैदा यांनी हजयात्रेकरूंसाठी मक्केपर्यंत कालवा बांधला. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेतील रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. हिजरी सन १८ च्या दुष्काळात हजरत उमर (रजि.) यांनी मिसर आणि शामहून धान्य मागवले, आणि लोकांना मिळेपर्यंत स्वतः तूप-दुधाला शिवले नाहीत. त्यांनीही अल्लाहपुढे तौबा केली आणि पावसासाठी दुआ केली. पण तौबा स्वतःपासून सुरू झाली आणि धान्य दुसऱ्यापर्यंत पोहोचले.

नळातले पाणी कोणाचे?

आता आपल्या वुजूखान्याकडे येऊ. येथे नळ फिरवला की पाणी येते. ते पाणी कोठून येते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? विहार आणि तुळशी हे दोन तलाव वगळले, तर मुंबईचे जवळजवळ सगळे पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांतून येते: तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. एकट्या भातशातून निम्म्याच्या आसपास. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. आणि त्याच शहापूर तालुक्यातले कितीतरी पाडे दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहतात. तेथील डोंगरांवर पडलेला पाऊस मोठ्या जलवाहिन्यांतून आपल्याकडे येतो आणि तेथील बाया डोक्यावर हंडे घेऊन कोरड्या विहिरीच्या तळाशी उतरतात.

ही गोष्ट नळापुरतीच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लोणावळा ते मुळशी या पट्ट्यात धरणे बांधली गेली. पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात वाहणारे पाणी अडवून ते घाटाखाली, पश्चिमेकडे सोडले गेले, आणि १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. मुळशीच्या मावळ्यांची जमीन बुडत होती. १९२१ मध्ये त्यांनी सत्याग्रह केला. त्याचे नेतृत्व करणाऱ्या सेनापती बापटांचे नाव आज दादर-परळच्या रस्त्याला आहे. आपण त्या रस्त्याने रोज जातो. चाचा पाऊस नाही म्हणून माण सोडून मुंबईला आले, आणि ज्या साच्यावर त्यांनी आयुष्य घालवले, त्या साच्यांच्या शहराला पूर्वेकडे जाणारे पाणी वळवून वीज मिळत होती. मी हे त्यांना सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "म्हंजी पाणी आमच्या आधी हितं आलं हुतं."

पाणी उलट दिशेनेही नेता येते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानलेले असताना मिरजेहून रेल्वेने पाणी नेले गेले. पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर. ते पाणी कृष्णेचे होते, आणि कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस त्या उन्हाळ्यात रुळांवरून दुष्काळी प्रदेशात पोहोचला. डोंगराने जे अडवले होते ते माणसांनी ओलांडून नेले. माणसांना करता येत नाही असे यात काहीच नाही. फक्त तहान आधी शेवटच्या टोकाला जावी लागते आणि मग आपण हलतो.

प्रेषित (स.) वुजूसाठी एक मुद्द पाणी वापरत, असे बुखारी व मुस्लिममध्ये आहे. मुद्द म्हणजे माणसाची भरलेली ओंजळ. फुकहांच्या हिशेबात थोडा फरक आहे, पण पाऊण लिटरच्या आसपास समजा. एके दिवशी मी वुजूखान्यात बसून स्वतःच्या नळाखाली पाच लिटरची बादली ठेवली. मसह करण्यापूर्वीच ती भरून वाहू लागली. शेजारी चाचा बसले होते. ते नळावर वुजू करत नसत. एक लोटा भरून घेत आणि त्यातच पाय धुण्यापर्यंतचे सगळे उरकत. गावात तसेच शिकलो, म्हणायचे. आम्ही त्यांच्या त्या लोट्याला म्हातारपणाची सवय समजत होतो.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. मी परळमध्ये चार लिटर वाचवले, तर शहापूरच्या हंड्यात एक थेंबही वाढत नाही. खरे आहे. उधळपट्टी टाळणे हा माझ्या आणि माझ्या रबमधला शिष्टाचार आहे. त्याने दुसऱ्याचा हक्क आपोआप फिटत नाही. प्रेषितांनी (स.) पाणी, चारा आणि अग्नी यांत लोकांना भागीदार ठरवले आहे, आणि वाटसरूपासून जास्तीचे पाणी रोखणाऱ्याला कठोर इशारा दिला आहे. भागीदाराला दान देत नाहीत, त्याचा हिस्सा देतात. म्हणून लोटा घेऊन वुजू करणे पुरेसे नाही. ज्यांच्या डोंगरातून आपले पाणी येते त्यांच्या घरी नळ आहे का, हे आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला विचारणे, हेही पाण्याच्या अमानतीत मोडते. आपल्या सदक्यातला काही भाग त्या पाड्यांतल्या विहिरींसाठी, साठवण टाक्यांसाठी जावा. तेथे राहणारा वारली किंवा ठाकर आदिवासी कलमा वाचतो की नाही, हे विचारण्याची गरज नाही. मदीनेवर पडलेला पाऊसही हे विचारून पडला नव्हता.

आणि वस्तीत? रस्त्यातली पीडादायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे. २०१७ च्या त्या पावसात परळजवळ पाण्यातून पायी घरी निघालेले एक डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. आमच्या मस्जिदीतली मुले आता पाणी भरले की गल्लीच्या तोंडाशी काठ्यांना लाल फडके बांधून उभी राहतात आणि लोकांना वाट दाखवतात. ईदुल-अजहा पावसाळ्यात आली, तर कुर्बानीचा कचरा गटारात जाणार नाही याची जबाबदारी चार जण घेतात. ही कामे लहान आहेत, पण माझ्या त्या पहिल्या बयानापेक्षा त्यांत अधिक धर्म आहे.

पुढचा जुमा

पुढच्या जुम्याला मी मिंबराजवळ उभा राहून सांगितले की, गेल्या आठवड्यात मी चुकीचे बोललो. बुडणाऱ्याविषयीची हदीस वाचून दाखवली आणि २६ जुलैला गेलेल्या सर्वांसाठी दुआ केली. चाचा तिसऱ्या सफमध्ये होते. नमाजीनंतर त्यांनी हात मिळवला, बोलले काही नाही. कोणाच्या वाट्याला किती आणि का, याचे पूर्ण उत्तर मी त्यांना देऊ शकलो नाही. आजही देऊ शकत नाही. त्यांचा भाऊ दुसऱ्यांची मुले काढताना का गेला आणि मी कोरड्या जागी का उभा आहे, हे अल्लाह जाणतो. मला एवढेच कळते की, मी कोरड्या जागी उभा आहे, तर माझ्याकडून काही अपेक्षित आहे.

चाचा आता गावी असतात. दर वर्षी मृग लागला की त्यांचा फोन येतो. "तुमच्याकडं किती?" ते विचारतात. मी इंचांत, मिलिमीटरांत सांगतो आणि मग विचारतो, "तुमच्याकडे?" बहुधा उत्तर येते, "ढग हायत." तेव्हा मी त्यांच्या गावासाठी दुआ करतो, आणि ते हिंदमातासाठी.

हे अल्लाह, हा पाऊस लाभदायक कर. जेथे तो सोसवत नाही तेथून तो टेकड्यांकडे, रानांकडे, झाडांच्या मुळांकडे ने. आमच्या हातांत वाटणी दिली आहेस, तर ती न्यायाने करण्याची सुबुद्धी दे. जे पाण्यात गेले, जे भिंतीखाली गेले, त्यांना शहीदांमध्ये स्थान दे. आणि तुझ्या कृपेचा अर्थ दुसऱ्याच्या दुःखावर लिहिण्यापासून आमच्या जिभा वाचव. आमीन.